पावसाळ्यात पाणी गोडे होते, तरी ईडीआरच्या स्टॅकमध्ये क्षार का साचतो?

मचूळ पाण्यावर ईडीआर, म्हणजे इलेक्ट्रोडायलिसिस रिव्हर्सल, चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरावीक हंगामात ऐकू येते. उन्हाळाभर संच विनातक्रार चालतो. मृग, आर्द्रा पडून गेल्यावर विहिरीचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा खारेपणा कमी होतो, आणि नेमके तेव्हापासून स्टॅकचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या मेंब्रेनच्या थप्पीचे, व्होल्टेज चढू लागते. आम्ल फिरवून धुलाई केली की काही दिवस बरे जातात, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या धुलाईनंतर पटले, म्हणजे मेंब्रेन, खराब निघाल्याचा निष्कर्ष काढला जातो आणि नव्या पटलांचे दरपत्रक मागवले जाते. शिरोळ तालुक्यातील एका प्रक्रिया उद्योगाच्या संचावर हाच प्रकार पाहायला मिळाला. तिथली पटले बदलावी लागली नाहीत. बदलावे लागले ते रेक्टिफायरचे, म्हणजे स्टॅकला एकदिश वीज पुरवणाऱ्या उपकरणाचे, सेटिंग.

कोल्हापूर शहरात किंवा राधानगरी, शाहूवाडीकडे राहणाऱ्याला जिल्ह्यात पाणी गोडे करण्याचे यंत्र लागते हेच पटत नाही, कारण सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या नद्यांचे पाणी मुळातच मऊ असते. पूर्वेकडे चित्र वेगळे आहे. शिरोळ आणि हातकणंगले भागांतील काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनींत उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी दिल्यामुळे क्षारपड क्षेत्र वाढले, आणि तिथल्या विहिरी, बोअर व भूमिगत निचऱ्याच्या नळ्यांतून येणारे पाणी मचूळ झाले. या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असतेच, शिवाय कॅल्शियम, बायकार्बोनेट, खतांतून आलेले नायट्रेट आणि, जिथे चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम टाकले आहे तिथे, सल्फेटही असते. हे घटक पुढे निदानासाठी उपयोगी पडणार आहेत.

साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवरचा थर काढणाऱ्या माणसाला थर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, पण त्याचा अनुभव इथे उलटा पडतो. बाष्पीभवनात जितका क्षार जास्त येईल, तितका थर जास्त. ईडीआरमध्ये येणारे पाणी पातळ झाल्यावर थर वाढू शकतो, आणि तो का वाढतो हे कळल्याशिवाय धुलाईचे चक्र थांबत नाही.

स्टॅकमध्ये धनायन जाऊ देणारी आणि ऋणायन जाऊ देणारी पटले एकाआड एक रचलेली असतात आणि त्यांच्यामधून पाण्याचे पातळ थर वाहतात. दोन्ही टोकांच्या इलेक्ट्रोडना एकदिश प्रवाह दिला की सोडियम, कॅल्शियम एका बाजूला, क्लोराइड, सल्फेट दुसऱ्या बाजूला सरकतात. एका कप्प्यातील पाणी गोडे होत जाते आणि शेजारच्या कप्प्यात क्षार गोळा होतो. आरओमध्ये पाणी पटलातून ढकलले जाते आणि क्षार मागे राहतो. इथे पाणी जागेवर राहते आणि क्षार बाहेर ओढला जातो. त्यामुळे विजेचा खर्च काढलेल्या क्षाराच्या प्रमाणात असतो, आणि म्हणून ही पद्धत समुद्राच्या पाण्यापेक्षा मचूळ पाण्याला परवडते. मोठ्या प्रमाणावर ती चालत नाही, हा समज चुकीचा आहे. बार्सिलोनाजवळच्या आब्रेरा येथील जलशुद्धीकरण केंद्रात २००९ पासून योब्रेगात नदीच्या पाण्यासाठी दिवसाला सुमारे २ लाख घनमीटर क्षमतेचा ईडीआर विभाग आहे. आपल्याकडे भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था या पटलांवर अनेक दशके काम करते आहे.

आता अडचणीचे मूळ. गोड्या कप्प्यात पटलाला अगदी चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातील आयन पटल झपाट्याने ओढून घेते, आणि मधल्या वाहत्या पाण्यातून नवे आयन तिथे पोहोचायला वेळ लागतो. विजेचा प्रवाह वाढवत गेले की एक मर्यादा येते, जिथे त्या थरात वाहून न्यायला क्षारच उरत नाही. या मर्यादेला सीमांत प्रवाह म्हणतात. रेक्टिफायरने त्यापुढेही जोर लावला तर पाण्याचाच रेणू फुटतो. ऋणायन पटलापाशी असे झाले की हायड्रॉक्सिल आयन पटलातून पलीकडच्या, क्षार गोळा होणाऱ्या कप्प्यात जातात आणि तिथल्या पटलाच्या पृष्ठभागाजवळचा पीएच वाढतो. त्या कप्प्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आधीच दाटलेले असतात. पीएच वर गेला की कॅल्शियम कार्बोनेट त्या पृष्ठभागावर बसू लागते, आणि पीएच फारच चढला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही.

हा सीमांत प्रवाह कायमचा एक आकडा नसतो. गोड्या कप्प्यातील पाण्यात क्षार जितका कमी, पाण्याचा वेग जितका कमी आणि पाणी जितके थंड, तितका तो खाली येतो. पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी एकदम घडतात: विहिरीतील पाणी पातळ होते, गढूळपणामुळे कार्ट्रिज फिल्टर तुंबून स्टॅकमधील पाण्याचा प्रवाह घटतो, आणि मे महिन्याच्या तुलनेत पाणी थंड असते.

एक हिशेब मांडून पाहावा. ताशी १० घनमीटर पाणी, २०० जोड्यांचा (एक गोडा आणि एक खारट कप्पा मिळून एक जोडी) एक टप्पा, आणि उन्हाळ्यात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेला एकूण क्षार, २००० वरून १००० मिलिग्रॅम प्रतिलिटरवर आणायचा आहे. सोयीसाठी सगळा क्षार साधे मीठ आहे असे धरले तर प्रत्येक घनमीटरमधून सुमारे १७ मोल क्षार काढायचा. फॅरडेच्या नियमाने एका मोलला ९६,४८५ कूलोम लागतात. हा भार २०० जोड्यांत वाटला की जेमतेम २३ अँपिअर येतात. कार्यक्षमता ८८ टक्क्यांच्या आसपास असेल तर मीटरवर २६ अँपिअर दिसतील. हे सेटिंग कायम ठेवून, ऑगस्टमध्ये येणाऱ्या पाण्याचा टीडीएस १४०० झाला असे समजा. तेवढाच प्रवाह तेवढाच क्षार काढणार, म्हणजे १००० मिलिग्रॅम. बाहेर पडणारे पाणी ४०० चे असेल. स्टॅकच्या शेवटाकडे, जिथे पाणी सर्वांत गोडे असते, तिथला सीमांत प्रवाह उन्हाळ्याच्या सुमारे दोन पंचमांश उरला आणि आपण मात्र उन्हाळ्याचाच प्रवाह ढकलत राहिलो.

या बिघाडाची सुरुवात नेमकी चांगल्या बातमीसारखी दिसते, आणि म्हणून ती निसटते. बाहेरच्या पाण्याचा टीडीएस एरवीपेक्षा कमी दिसतो, पाळीवरचा ऑपरेटर समाधानाने तो आकडा रजिस्टरमध्ये लिहितो, आणि रेक्टिफायर तोच प्रवाह टिकवण्यासाठी गुपचूप व्होल्टेज वाढवत असतो. थर बसला की पाण्याचा दर्जा घसरतो. मग दर्जा सावरण्यासाठी कोणीतरी प्रवाह आणखी वाढवतो. यानंतर धुलाई.

स्टॅक उघडण्यापूर्वी काय पाहावे

प्रथम रजिस्टर घ्यावे आणि तीन महिन्यांतील येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता), विजेचा प्रवाह, व्होल्टेज आणि बाहेरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी हे चार स्तंभ शेजारी मांडावेत. येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी खाली जात असताना अँपिअरचा आकडा जागचा हलत नसेल, तर रेक्टिफायर स्थिर प्रवाहाच्या पद्धतीवर आहे आणि पुढची बरीच तपासणी करण्याआधीच संशयित सापडला आहे. बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्ये व्होल्टेजचा स्तंभच नसतो. तो आजच आखून घ्यावा, कारण या यंत्राची प्रकृती टीडीएसपेक्षा आधी व्होल्टेजमध्ये दिसते.

यानंतर वर दाखवलेला फॅरडेचा हिशेब आपल्या संचासाठी करावा. काढलेल्या क्षाराला लागणारा प्रवाह आणि क्लॅम्प मीटरवर दिसणारा प्रवाह यांचे गुणोत्तर म्हणजे कार्यक्षमता. वरच्या उदाहरणात मीटर २६ ऐवजी ३४ अँपिअर दाखवत असेल, तर कार्यक्षमता ६७ टक्क्यांवर आली, म्हणजे एक तृतीयांश वीज क्षार वाहण्याऐवजी भलतेच काम करते आहे: पाणी फोडणे, कप्प्यांना पाणी वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधून गळणे, किंवा फाटलेल्या पटलातून खारट पाणी गोड्यात मिसळून तोच क्षार पुन्हा पुन्हा काढत बसणे. क्लॅम्प मीटर एकदिश प्रवाह मोजणारा असावा. साधा घरगुती वायरिंगचा मीटर इथे शून्य दाखवील.

त्यातील कोणते काम चालले आहे हे पीएचवरून ओळखता येते. येणारे आणि बाहेर पडणारे गोडे पाणी दोन्हींचा पीएच मोजावा. बायकार्बोनेट निघून गेल्यामुळे गोड्या पाण्याचा पीएच थोडा उतरणे स्वाभाविक आहे, पण प्रवाह एक पायरी वाढवताच तो एकदम ढासळत असेल, तर सीमांत प्रवाह ओलांडला आहे. पीएच जागेवर आणि कार्यक्षमता मात्र कमी असेल, तर गळतीकडे वळावे आणि गोड्या कप्प्यातील दाब खारट कप्प्यापेक्षा किंचित जास्त आहे की नाही ते पाहावे. दाब तसा ठेवला की गळती झालीच तर गोडे पाणी खारटात जाते. उलट झाले तर दर्जा बिघडतो.

ध्रुव उलटणे खरोखर होते का

ईडीआरमधील ‘आर’ साठी इतका खर्च केलेला असतो, पण प्रत्यक्षात तोच बंद पडलेला आढळतो. साधारणपणे दर १५ ते ३० मिनिटांनी ध्रुव बदलतात, गोडे कप्पे खारट होतात आणि खारट कप्पे गोडे, त्यामुळे नुकताच धरू लागलेला थर सुटून वाहून जातो. प्रत्येक बदलानंतर मिनिट-दोन मिनिटे पाणी दर्जात बसत नाही म्हणून ते बाजूला वळवले जाते. हे वाया जाणारे पाणी डोळ्यांत खुपते आणि कोणीतरी टायमर तासावर नेऊन ठेवतो. उद्देश वाईट नसतो. पण तासाभरात थर इतका घट्ट बसतो की ध्रुव बदलूनही सुटत नाही. वळवलेले पाणी कच्च्या पाण्याच्या टाकीत परत नेले तर वाया जाण्याचा प्रश्नच मोठ्या प्रमाणात मिटतो.

टायमर ठीक असला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतात. ध्रुव बदलला आणि हवेवर चालणारा एखादा व्हॉल्व्ह अर्ध्यातच राहिला, तर पाण्याची दिशा आणि विजेची दिशा यांचा मेळ तुटतो. घड्याळ लावून सलग काही चक्रे पाहावीत: दोन्ही ध्रुवांवर प्रवाहाचा आकडा सारखा येतो का, आणि बदलानंतर कंडक्टिव्हिटी मूळ पदावर यायला दोन्ही वेळी सारखाच अवधी लागतो का. एका ध्रुवावर प्रवाह कमी आणि दुसऱ्यावर बरा असेल, तर थर एकाच बाजूला बसला आहे किंवा त्या बाजूचा व्हॉल्व्ह गळतो आहे. या चाचणीला पाना लागत नाही, तरी ती क्वचितच केली जाते.

स्टॅक उघडल्यावर

वीज तोडून, रेक्टिफायरला कुलूप लावून आणि व्होल्टेज शून्यावर आल्याची मल्टिमीटरने खात्री करूनच हात घालावा. मोठ्या स्टॅकवर काही शे व्होल्ट एकदिश असतात आणि त्यांचा धक्का घातक असतो. इलेक्ट्रोडच्या कप्प्यांत ऋण टोकाला हायड्रोजन आणि धन टोकाला ऑक्सिजन व क्लोरीन तयार होतात, म्हणून संच चालू असताना त्या पाण्याची वाट बंद खोलीत सोडू नये.

पटल उचलून उजेडात तिरपे धरले की थर दिसतो. वर सांगितलेल्या प्रकारात तो पाणी बाहेर पडण्याच्या टोकाकडे दाट, आत येण्याच्या टोकाकडे विरळ असतो, आणि पटलाच्या एकाच अंगाला, पटलांमध्ये अंतर राखणाऱ्या स्पेसरच्या जाळीचा ठसा उमटलेला, नखाने खरवडला तर पिठासारखा सुटणारा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फसफसला तर कार्बोनेट. न फसफसता विरघळला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असण्याची शक्यता जास्त. थेंब तसाच बसून राहिला आणि बोटांना थर खरखरीत, सुईसारख्या कणांचा लागला, तर तो जिप्सम आहे, आणि मग दोष सीमांत प्रवाहाचा नसून खारट बाजूचे पाणी फार दाटवल्याचा आहे. त्याला रिजेक्ट, म्हणजे टाकून द्यायचे खारट पाणी, वाढवणे किंवा अँटिस्केलंटची, म्हणजे थर रोखणाऱ्या रसायनाची, मात्रा दुरुस्त करणे हाच इलाज. जिप्सम पाण्यात लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो आणि आम्लाने त्यात फारसा फरक पडत नाही.

इथे एक सूचना जोर देऊन करावीशी वाटते. स्वस्त पडते म्हणून धुलाईसाठी सल्फ्युरिक आम्ल वापरण्याचा मोह होतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या थरावर ते घातले की थर विरघळण्याऐवजी त्याचे जिप्सम होते, आणि आम्लाने निघणारी घाण आम्लाने न निघणारी होऊन बसते. ‘पूर्वी धुलाईने बरे व्हायचे, आता होत नाही’ अशी तक्रार आली, तर प्रथम आम्लाचे पिंप कोणते आहे ते वाचून पाहावे. धुलाईसाठी २ ते ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, वीज बंद ठेवून, दोन्ही बाजूंनी फिरवणे हे सर्वसाधारण प्रमाण आहे. फिरणाऱ्या द्रावणाचा पीएच चढत असेपर्यंत थर विरघळतो आहे असे समजावे आणि आम्ल वाढवावे. हायपोक्लोराइटची कोणतीही नळी त्या वेळी जोडलेली नको, आम्लाशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो.

थर पांढरा नसून पटलच तपकिरी किंवा रंगीत झाले असेल, तर मामला निराळा आहे. रंगाचे आणि साबणासारख्या पदार्थांचे अनेक रेणू, तसेच मातीतील ह्युमिक आम्ल, ऋणभारित आणि आकाराने मोठे असतात. ऋणायन पटल त्यांना ओढून घेते आणि ते आतच अडकतात. इचलकरंजीसारख्या ठिकाणी कापड प्रक्रियेचे सांडपाणी पुनर्वापरासाठी ईडीआरकडे नेण्याचा विचार असेल, तर हा अडथळा आधी सोडवावा लागेल. अशा पटलांवर आम्लाचा उपयोग होत नाही. ५ टक्के मिठाच्या द्रावणात थोडा कॉस्टिक सोडा घालून, पीएच उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवून धुवावे. लोह आणि मँगनीजचे डाग मात्र बोअरच्या पाण्यातून येतात आणि त्यांचा बंदोबस्त स्टॅकच्या आधीच, हवा देऊन आणि गाळून, करावा.

कायमचा उपाय

सेटिंग सालभर एकच न ठेवता येणाऱ्या पाण्याच्या कंडक्टिव्हिटीनुसार बदलले पाहिजे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रेक्टिफायर स्थिर व्होल्टेजवर चालवणे. पाणी पातळ झाले की त्याचा रोध वाढतो, प्रवाह आपोआप उतरतो आणि सीमांत मर्यादेशी असलेले अंतर साधारण तेवढेच राहते. एखाद्या कारणाने स्थिर प्रवाहच हवा असेल, तर व्होल्टेजला वरची मर्यादा घालावी आणि कंडक्टिव्हिटीच्या पट्ट्यांनुसार प्रवाहाचे कोष्टक करून पॅनेलच्या दारावर चिकटवावे.

हे कोष्टक अंदाजाने करू नये. कोवान आणि ब्राउन यांनी १९५९ मध्ये दाखवलेली रीत आजही पुरते आणि तिला आलेखाचा कागद सोडून काही लागत नाही. पाण्याचा प्रवाह स्थिर ठेवून व्होल्टेज लहान पायऱ्यांनी वाढवावे, प्रत्येक पायरीवर आकडे स्थिरावू द्यावेत, आणि व्होल्टेज भागिले प्रवाह ही संख्या एक भागिले प्रवाह या संख्येसमोर मांडावी. सुरुवातीला बिंदू खाली उतरत जातात आणि एका ठिकाणी वळून वर चढू लागतात. तो वळणबिंदू म्हणजे सीमांत प्रवाह. त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर संच चालवावा. ही चाचणी धुतलेल्या स्टॅकवर, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात केली की कोष्टकाची दोन्ही टोके मिळतात. मधले आकडे सरळ रेषेने काढले तरी चालतात.

पॅनेलवर आणखी एक अलार्म बसवता आला तर उत्तम: बाहेरच्या पाण्याचा टीडीएस ठरलेल्या लक्ष्यापेक्षा फारच खाली गेला की वाजणारा. टीडीएस जास्त झाल्यावर वाजणारा अलार्म सर्वत्र असतो; कमी झाल्यावर वाजणारा अलार्म मागितला की पॅनेलवाला दोनदा विचारतो, पण थर बसण्याच्या आधी सावध करणारा तोच आहे. पिण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. पाणी ४५० वर ठेवता येत असताना २०० वर नेण्यात वीजही जाते आणि पटलही.

कार्ट्रिजकडे पावसाळ्यात रोज पाहावे. दाबातील फरक वाढला की ते बदलावेत, तारखेची वाट पाहू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पाणी ज्या विहिरीत शिरले असेल, ती उपसून गाळ काढेपर्यंत संचाला जोडू नये.

या सर्व दुरुस्त्या करूनही, धुलाईनंतर लगेचच्या मोजमापात कार्यक्षमता सुधारत नसेल आणि दोन्ही ध्रुवांवर प्रवाह सारखाच कमी असेल, तेव्हा पटले थकली आहेत असे म्हणता येते. तेव्हाही सगळा स्टॅक बदलण्याआधी, रबरी हातमोजे घालून आणि इन्सुलेशन असलेल्या प्रोबने, जोड्यांच्या ठरावीक अंतराने व्होल्टेज मोजत जावे. हे मोजमाप चालू संचावरच होते, म्हणून ते अनुभवी माणसानेच करावे. व्होल्टेज सगळीकडे सारखे वाटलेले असेल तर पटले बदलावीत. मधल्याच दहा-वीस जोड्या जास्त व्होल्टेज खात असतील तर तेवढ्याच काढून पाहाव्यात.

पाणी पिण्यासाठी असेल तर आणखी एक बाब धुलाईच्या गडबडीत विसरली जाते. या पद्धतीत भार नसलेले काहीच निघत नाही: सिलिका जशी येते तशी जाते, आणि जिवाणू गोड्या पाण्यातच राहतात. म्हणून स्टॅकनंतर निर्जंतुकीकरण हवेच, आणि स्टॅक उघडून पुन्हा बांधल्यावर पहिले पाणी टाकीत न सोडता जिवाणूंची तपासणी होईपर्यंत बाजूला काढावे.